भुईपालीचा पत्ता

ठाण्याच्या नौपाड्यातली काही जुनी माणसं मला अजूनही 'पालवाले वैद्य' म्हणतात. आडनाव वैद्य आणि धंदा पालींचा, त्यामुळे अनोळखी माणसाचा समज होतो की मी पालींपासून काहीतरी औषध करत असणार. एकदा एक गृहस्थ दम्यावर इलाज मागायला थेट घरी आले होते. चहा घेऊन, निराश होऊन परत गेले. आमच्या मागच्या आळीत एक निवृत्त शिरस्तेदार राहत. त्यांच्या डाव्या खांद्यावर पाल पडली तेव्हा ते पंचांग काखेत मारूनच आले. पंचांगात फळ बरं नव्हतं, म्हणून शास्त्रात काही वेगळं निघतंय का हे त्यांना पाहायचं होतं. मी म्हटलं, "शास्त्राच्या मते पालीचा पाय घसरला." त्यानंतर ते माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत.

मी वैद्यही नव्हतो आणि शास्त्रज्ञही नव्हतो. स्वातंत्र्य मिळालं त्याच सुमारास मुंबईच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्र विभागात, मला संग्राहकाची नोकरी लागली. संग्राहक म्हणजे काय ते सांगतो. प्राध्यापकांनी पंख्याखाली बसून ज्या प्राण्यांवर निबंध लिहायचे, ते प्राणी उन्हात जाऊन धरून आणायचे, त्यांना फॉर्मॅलिन टोचायचं, आठवडाभराने स्पिरिटच्या बाटलीत सोडायचं आणि लेबल लावायचं. साप, बेडूक, विंचू, गोमा, पाली. मला ठाणे, कल्याण आणि डोंबिवली हा मुलूख दिलेला होता, कारण मी ठाण्यात राहत होतो आणि कॉलेजला प्रवासखर्च वाचत होता. आठवड्याचे तीन दिवस मी रानात आणि उरलेले बाटल्यांत घालवत असे. माझ्या पत्नीने लग्नाच्या पहिल्याच महिन्यात एक अट घातली, की फडताळातल्या ज्या बाटलीवर माझं अक्षर असेल ती ती उघडणार नाही. त्यामुळे घरातली लोणच्याची बरणी मी कधी लेबल लावून ठेवली नाही.

लेबल ही या धंद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट. बाहेरच्या माणसाला वाटतं, प्राणी सापडला की काम झालं. तसं नसतं. ज्याला लेबल नाही तो प्राणी म्हणजे नुसती खारवलेली फोड. जाडसर कागदाची बोटाएवढी पट्टी, तिच्यावर स्पिरिटात न विरघळणाऱ्या शाईने गाव, तारीख, धरणाऱ्याचं नाव आणि कुठे सापडला ते, म्हणजे दगडाखाली, पाल्यात, पाण्याकाठी. ती पट्टी दोऱ्याने प्राण्याच्या पायाला बांधायची. पुढे शंभर वर्षं जगभरचे विद्वान त्या पट्टीवर विश्वास ठेवतात. प्राणी कुठे राहतो हे सांगायला प्राणी काही बोलत नाही. पट्टी बोलते आणि पट्टी मी लिहायचो. महिन्याला जेमतेम पोट भरेल अशा पगारावर एवढी सत्ता फार थोड्यांच्या हाती असते.

आता या सत्तेची दुसरी बाजू. दुसऱ्या एका कॉलेजात गुप्ते नावाचे संग्राहक होते. माणूस हुशार, कामाला चपळ आणि दुसऱ्यांच्या बाटल्या वाचण्यात पटाईत. बाळकुमजवळच्या एका ओहोळात मला देवगांडुळं सापडली होती. दिसायला गांडूळ आणि जातीने बेडकाचा भाऊबंद असा हा प्राणी सहजासहजी मिळत नाही. मी सरळ मनाने पट्टीवर ओहोळाचं नाव, डावा काठ, आंब्याच्या झाडापासून किती पावलं, सगळं लिहिलं. गुप्ते आमच्या विभागात चहाला आले, पट्टी वाचली, आणि पुढच्या आठवड्यात मी गेलो तर ओहोळाचा डावा काठ नांगरल्यासारखा उकरलेला होता. उजवाही सोडला नव्हता.

तेव्हापासून मीही धंद्याचा रिवाज शिकलो. तो असा, की आपली खरी जागा कोणी लिहीत नाही. कोणी तालुक्याचं नाव घालतो, कोणी जवळच्या मोठ्या गावाचं. सगळे संग्राहक हे करत, सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे एकमेकांच्या पट्ट्या मात्र गंभीरपणे वाचत. पण आमचे प्राध्यापक टिपणीस यांना मोघम पट्टी चालत नसे. 'कल्याण तालुका' असं लिहिलेली पट्टी त्यांनी एकदा माझ्यासमोर फाडली आणि म्हणाले, "वैद्य, उद्या तुम्ही आशिया खंड लिहाल." म्हणजे मोघम लिहायची सोय नव्हती. लबाडी करायची तर ती तपशीलवार करणं भाग होतं.

या अवस्थेत मला ती पाल सापडली.

डोंबिवली तेव्हा स्टेशनाभोवतीची थोडी घरं, ताडाची झाडं आणि मग भातखाचरं अशी होती. स्टेशनापासून मानपाड्याकडे पायी निघालं की उजव्या हाताला खापरी नावाची एक टेकडी लागे. टेकडी म्हणायची ती आपली रीत म्हणून. झाड नाही, सावली नाही, वर काळाभोर कातळ, त्याच्या भेगांत वाळकं गवत आणि खापऱ्यांसारखे चपटे सुटे दगड. कुणाही शहाण्या माणसाने तिथे दुपारी जाऊ नये. पाली निशाचर, पण मी नोकरदार, त्यामुळे त्या झोपलेल्या असताना त्यांच्या अंगावरचे दगड उचलून बघणं एवढंच मला शक्य होतं.

दगड उचलला आणि खाली बोटभर लांबीची, तपकिरी, अंगावर गडद डाग असलेली पाल. घरातल्या पालीच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या असतात. हिच्या बोटांना त्या नव्हत्या, पक्ष्यासारखी बारीक नख्यांची बोटं होती. ही भिंत चढू शकत नाही. जन्मभर जमिनीवरच चालायचं, दगडाखाली दोन अंडी घालायची, तिथेच संपायचं. मला पाहून ती पळाली नाही. चारी पाय ताठ करून अंग उचललं, शेपूट हलवली आणि मोठी दिसायचा प्रयत्न केला. मला ती एकदम आवडली.

"मास्तर, हात नका लावू तिला," मागून आवाज आला. खालच्या पाड्यातले बाळाराम म्हात्रे काठी उगारून उभे होते. पन्नाशीचे आगरी शेतकरी, टेकडीच्या पायथ्याशी त्यांची खाचरं. "भुईपाल हाय ती. चावली का मानूस घराला नाय पोचत."

"आजवर कोणाला चावलीय?"

"चावंल कशी? दिसली का आमी ठेचतो ना."

या युक्तिवादाला आमच्या विभागातही कोणाकडे उत्तर नव्हतं. मी पाल फडक्यात धरली, बोट तिच्या तोंडाजवळ नेऊन दाखवलं, तिने माझं बोट चावलं आणि मी घरी पोचेन का हे बघायला बाळारामदादा स्टेशनापर्यंत बरोबर चालत आले. पुढच्या खेपेला मी जिवंत दिसलो तेव्हा त्यांनी मला पायथ्याच्या झऱ्याचं पाणी पाजलं. भर वैशाखात खाली काळ्या दगडाच्या भेगेतून हाताएवढी धार येत होती. वरचा कातळ पावसाळाभर पाणी पितो आणि वर्षभर सोडतो, असं त्यांनी सांगितलं. पाड्याचं पिणं आणि भाताची रोपं, सगळं त्या धारेवर चालत असे.

पाल सापडली त्याच रात्री घरी पट्टी लिहायला बसलो. अशी पाल मी कुठल्याच बाटलीत पाहिली नव्हती. डोळ्यांपुढे गुप्ते फावडं घेऊन खापरीवर चढताना दिसले. मी दौतीत टाक बुडवला आणि लिहिलं, 'येऊर, जंगल, ओढ्याच्या काठी ओलसर पाल्याखालच्या दगडांत.' ठाण्याला लागून असलेलं येऊरचं जंगल मी चांगलं ओळखत होतो. त्यामुळे तपशील झकास उतरला. पट्टी वाळली, दोरा बांधला, शांत झोपलो.

टिपणीससरांनी बाटली उजेडात धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. ही जात कुणी नोंदलेलीच नाही, असं त्यांचं मत झालं. पुढे वर्षभर भिंगाखाली खवले मोजून त्यांनी निबंध लिहिला. तो विलायतेत छापून आला आणि सरांची बढती झाली. त्यात पालीच्या नैसर्गिक वसतिस्थानावर एक संपूर्ण परिच्छेद होता. ही पाल दाट सावलीची आणि ओलाव्याची भोक्ती आहे, उघड्या कातळावर ती काही तासही जगणार नाही, तिच्या अंगावरचे डाग ओल्या पाल्याशी कसे मिळतात ते पाहण्यासारखं आहे, वगैरे. सरांची भाषा सुंदर होती. माझ्या एका ओळीवर त्यांनी केवढं जंगल उभं केलं होतं. मला थोडी लाज वाटली आणि, खोटं कशाला बोला, बराचसा अभिमानही.

गुप्ते लागोपाठ तीन हंगाम येऊरला गेले. दर रविवारी ओढ्याकाठचा दगड अन् दगड उलटा करत. त्यांना विंचू मिळाले, गोमा मिळाल्या, एकदा फुरसंही मिळालं. शेवटी त्यांनी एक टिपण छापलं की, येऊरला ही पाल नाही. सर हसले आणि म्हणाले, "मत्सर माणसाला आंधळा करतो." गुप्ते मला एकदा गाठून म्हणाले, "वैद्य, खरं सांगा हो. मी कोणाला सांगणार नाही." मी म्हटलं, "नशीब लागतं, गुप्ते." आमच्या धंद्यात त्या वर्षी फक्त एकच माणूस छापील खरं बोलला होता आणि त्याची सगळे कीव करत होते.

मग काही वर्षांनी एका सकाळी बाळारामदादा नौपाड्यात माझ्या दारात उभे. घर शोधायला त्रास झाला नाही म्हणाले, 'पालवाले' म्हटल्यावर कोणीही दाखवलं. धोतराच्या सोग्यात वालाच्या शेंगा होत्या. त्या पत्नीच्या हाती देऊन ते जमिनीवरच बसले. खुर्ची घ्या म्हटलं तरी घेईनात.

"मास्तर, तुमची ती पाल हाय ना, तिचा कागद पायजे."

"कसला कागद?"

"खापरीवर खडीचा ठेका दिलाय. सुरुंग लावनार. कातल फुटला का झरा गेला. आमी अर्ज केला, तर प्रांतसाहेब बोल्ला, पान्याचे अर्ज माझ्याकडं धा येतात, ते वर कोन वाचत नाय. तुमच्या टेकडीवर दुसरीकडं मिलत नाय असा काय हाय का? आमी बोल्लो, पाल हाय. मुंबैचा मास्तर येतो तिच्यासाठी. साहेबाला फुलपाखरांचा नाद हाय. तो बोल्ला, मंग मोठ्या परफेसरचा कागद आना, का ही पाल हितंच हाय, दुसरीकडं कुटं नाय. मी लिवतो वर."

मी उठून फडताळातल्या बाटल्या उगाच सरळ करू लागलो. बाळारामदादांना वाटलं, मला विश्वास बसत नाही. ते समजावून सांगू लागले, "आता ठेचत नाय कोनी. बायांना पन सांगितलाय. पोरं दगड उचलत नाय. आमची पाल हाय ती आता."

ज्या पाली दिसल्या की ठेचायच्या, त्यांच्या जिवावर आता चाळीस उंबऱ्यांचं पाणी अवलंबून होतं. आणि त्यांना हवा असलेला कागद अगदी खरा होता. ही पाल खापरीवरच होती, दुसरीकडे कुठेही नव्हती. पाड्याबाहेर ही गोष्ट फक्त मला माहीत होती, आणि ती मीच खोडून ठेवली होती.

कागद मिळायचा तर सरांना सांगायला हवं होतं की तुमचा निबंध, तो ओलावा, ती सावली, ते डाग, हे सगळं माझ्या शाईतून आलं. सरांची तेव्हा विभागप्रमुख म्हणून नेमणूक व्हायची होती. माझी नोकरी दरवर्षी नव्याने मंजूर होणारी, ती त्या वर्षी कायम होणार होती. पट्टी खोटी लिहिणाऱ्या संग्राहकाला कोणी दारात उभं करत नाही, आणि करूही नये.

मी मधला रस्ता काढला. तो फारच हुशारीचा वाटला होता. बाळारामदादांबरोबर खापरीवर गेलो. त्यांनी स्वतः दगड इतक्या हलक्या हाताने उचलले की जणू खाली बाळ निजलं आहे. चौथ्या दगडाखाली ती होती. मी ती घेतली आणि या वेळी पट्टी अक्षरशः खरी लिहिली, 'खापरी टेकडी, मानपाड्याजवळ, डोंबिवली. उघडा कातळ, सुट्या दगडाखाली. झाड किंवा ओलावा नाही.' माझा हिशेब असा होता की सर पट्टी वाचतील, चकित होतील, खापरीचं महत्त्व त्यांना पटेल आणि जुन्या पट्टीबद्दल कोणाला काही विचारावंसं वाटणार नाही. खोटं मागे घ्यावं लागणार नाही आणि खरंही पोचेल.

सरांनी बाटली उजेडात धरली. पट्टी दोनदा वाचली. मग उठून माझा हात हातात घेतला.

"वैद्य, अभिनंदन. तुम्ही आपल्या पालीचा मुलूख वाढवलात. येऊरचं दाट जंगल ते डोंबिवलीचा उघडा कातळ! म्हणजे ही काही नाजूक जात नाही. कुठेही तग धरते. मी उगाच काळजी करत होतो."

मी प्रांतसाहेबांच्या कागदाबद्दल सांगितलं. झऱ्याबद्दलही सांगितलं. सर मनाने चांगले होते, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पण जे खरं नाही ते त्यांनी जन्मात लिहिलं नसतं. त्याच दिवशी त्यांनी पत्र टाइप करवून घेतलं. त्यात होतं की, ही पाल येऊरपासून डोंबिवलीपर्यंत निरनिराळ्या प्रकारच्या भूमीत आढळते, सबब एखादी टेकडी गेल्याने जातीस धोका पोचेल असं म्हणता येत नाही. आधार म्हणून माझ्या दोन्ही पट्ट्यांच्या नकला जोडल्या. नकला मीच केल्या, सुवाच्य अक्षरात.

सही होऊन पत्र माझ्या हातात आलं तेव्हा खोलीत आम्ही दोघेच होतो. सर म्हणाले, "आणखी काही, वैद्य?" माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. पाचसहा शब्दांचंच होतं. मी म्हटलं, "नाही सर," आणि दार ओढून घेतलं. इतक्या वर्षांत मी या प्रसंगाला भीती, संसार, नोकरी अशी बरीच नावं देऊन पाहिली. त्याला एकच नाव आहे आणि ते मला माहीत आहे.

खापरी पुरी संपायला दोन वर्षं लागली. पहिल्या सुरुंगांनंतर झऱ्याला गढूळ पाणी येऊ लागलं, मग ते बोटभर झालं, मग भेग कोरडी पडली. माझी नोकरी कायम झाली. सर विभागप्रमुख झाले. खापरीची खडी कुठल्या रस्त्यांखाली गेली ते मी कधी शोधलं नाही. पाल त्यानंतर कोणालाच मिळाली नाही. येऊरला अधूनमधून कोणी विद्यार्थी जातो आणि ओढ्याकाठचे दगड उलटून परत येतो. निवृत्त होण्याआधी मी सरांना सगळं सांगितलं. तोवर ते फार थकले होते. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "आता राहू द्या." जुनी पट्टी अजून तशीच आहे. शाई चांगली होती.

पण मला सांगायचं आहे ते निराळंच. टेकडीचं काम अर्ध्यावर आलं होतं तेव्हा बाळारामदादा पुन्हा घरी आले. मी समजलो, भांडायला आले. खरं सांगतो, मला तेव्हा ते हवं होतं. ते आपल्या जागी जमिनीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"प्रांतसाहेबानं कागद वाचून दाखवला आमाला," ते म्हणाले. "परफेसर काय बोल्ला ते समजला. मोठा मानूस हाय, त्याला काय म्हाईत आमची डोंगरी. पन खाली चिठ्ठ्या व्हत्या. येऊरची साहेबानं सोडून दिली, दुसरी तुमची. खापरी, मानपाडा, उघडा कातल, सगला नीट व्हता. साहेबानं ती दोनदा वाचली. पोरं बोलतात का मास्तरनी पन काय केला नाय. मी बोल्लो, असा बोलायचा नाय." त्यांनी टोपी उचलून पुन्हा गुडघ्यावर ठेवली. "म्हून आलो सांगाया. कोनी नाय, पन तुमी तरी खरा लिवलाव."

 पत्नीने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. डोंबिवलीहून उन्हातून आलेले, त्यांनी तो उभ्याने रिकामा केला, आणि मग जरा संकोचून विचारलं, आणखी एक मिळेल का.